रातले काय खादं? हा प्रश्न लिव्हरला विचारा!

काहीच न खाता सकाळी साखर वाढते कशी? बारीक पोरांना फॅटी लिव्हर होतंच कसं? आणि म्हातारपण नेमकं सुरू कधी होतं? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी आहेत. बरगड्यांच्या आत, उजव्या बाजूला.

आमच्या धुळ्याच्या घरात सकाळी सहा वाजता एक खटला चालतो. आरोपी पप्पा. न्यायाधीश आई. पुरावा म्हणजे बोटाला टोचून साखर मोजायचं ते छोटं मशीन. आदल्या रात्री पप्पांनी एक ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर ताक एवढंच घेतलेलं असतं. झोपताना साखर १३०. आणि सकाळी, पोटात अन्नाचा कण गेलेला नसताना, १५८!

आई आधी मशीनकडे बघते, मग पप्पांकडे बघते आणि अहिराणीत विचारते, ‘रातले काय खादं?’

पप्पा देवाची शपथ घेतात. फ्रीजमधल्या डब्यातले पेढे मोजले जातात. पेढे पुरेपूर असतात, तरी आईचं समाधान होत नाही. मी जळगावला नोकरीला आहे, शनिवारी एसटीने घरी येतो. एकदा तर संशयाची सुई माझ्याकडेच वळली. ‘तूच चारत असशील त्यांना काहीतरी!’

तुमच्याही घरी हा खटला चालत असेल. बाबांवर, आजीवर, मोठ्या काकांवर. डायबिटीस म्हटला की आपण माणसाच्या तोंडावर पहारा बसवतो. गोड खाल्लं म्हणून साखर वाढली, नाही खाल्लं तर वाढायला नको, इतका सरळ हिशोब आपल्या डोक्यात बसलेला असतो. पण रात्रभर उपाशी माणसाची साखर वाढते तेव्हा ती येते कुठून?

कोठीचं झाकण

एक साधा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यात एका वेळी साखर असते किती? पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चहाचा एक चमचा. आता एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर वापरतो, तासाला पाच ग्रॅम. या हिशोबाने रात्री दहाला झोपलेल्या माणसाच्या रक्तातली साखर अकरा वाजता संपायला हवी. संपत नाही, कारण रात्रभर कुणीतरी मापाने साखर सोडत असतं. ते काम लिव्हरचं, म्हणजे यकृताचं.

गावाकडच्या घरात धान्याची कोठी असते ना, तसं समजा. जेवण झालं की आतड्यातली साखर आधी लिव्हरकडे जाते, मग बाकीच्या शरीराकडे. लिव्हर त्यातली काही ग्लायकोजेनच्या रूपात भरून ठेवतं. साधारण १०० ग्रॅमची ही कोठी. रात्री तीच उघडते आणि तासाला सात-आठ ग्रॅम साखर रक्तात पडत राहते. ग्लायकोजेन कमी पडायला लागलं की लिव्हर नवी साखर बनवतंसुद्धा. पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर सोळाशे मीटर धावताना तुमच्या मांड्यांत जे लॅक्टेट तयार होतं, ते रक्तातून लिव्हरकडे जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते. हे चक्र शोधणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे कार्ल आणि गर्टी कोरी. त्यांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं.

आता या कोठीला झाकण लागतं. जेवण झालं की स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं आणि पहिल्यांदा लिव्हरलाच गाठतं. त्याचा निरोप एवढाच, की बाहेरून माल आलाय, तू झाकण लाव. पोट रिकामं असलं की ग्लुकागॉन नावाचं दुसरं हार्मोन उलटा निरोप देतं, उघड. निरोगी माणसात हे झाकण दिवसरात्र इतक्या अचूकपणे उघडझाप करतं, की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

बिघडतं कुठे? लिव्हरमध्ये चरबी साठली की त्याला इन्सुलिनचा निरोप नीट ऐकू येत नाही. झाकण अर्धवट उघडं राहतं आणि रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर गळत राहते. त्यात पहाटे शरीराला उठवणारी हार्मोन्स वाढतात, तीही लिव्हरला साखर सोडायला सांगतात. सहा वाजता मशीनवर १५८ दिसतात, आणि बिचारे पप्पा आरोपीच्या पिंजऱ्यात!

उपाशीपोटीही लिव्हर साखर सोडतं, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे आमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर पावणेदोनशे वर्षं तयार आहे. आमच्या घरी पोचायलाच उशीर झाला. पप्पा रोज घेतात ती मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा मुख्यतः लिव्हरमधून सुटणाऱ्या साखरेलाच आवर घालते. गोळी आठ वर्षं घरात आहे, पण ती नेमकं काय करते हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

‘माले काय व्हस?’

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हा मोठ्या माणसांचा विषय आहे, आमचं काय? मीही हेच म्हणायचो. ‘माले काय व्हस?’ वय २७, उंची पाच फूट सात इंच, वजन ६१ किलो. लग्नाच्या बायोडाटावर ‘सडपातळ’ असं अभिमानाने लिहिलेलं.

गेल्या वर्षी पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं साधंच निघालं. पण रिपोर्टच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, ग्रेड वन फॅटी लिव्हर. मला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी आलाय. मी दारू पीत नाही. हातापायाच्या काड्या. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेप काढली आणि बेंबीवरून पोट मोजलं. ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० ची आहे, बायकांसाठी ८० ची. उपाशीपोटीची साखर निघाली १०८. शंभरच्या आत नॉर्मल, १२६ पासून पुढे डायबिटीस. मी मधल्या फलाटावर उभा होतो.

मग मी माझा दिवस आठवून पाहिला. सकाळी नऊ ते रात्री आठ खुर्ची. दिवसात सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोजची पन्नास-साठ ग्रॅम नुसती चहातूनच. मे महिन्यात जळगाव पंचेचाळीसला टेकलं की दुपारी एक थंड बाटली. अडीचशे मिलीच्या बाटलीत पंचवीसेक ग्रॅम साखर असते. रात्री उशिरा हायवेवर मित्रांबरोबर शेवभाजी आणि पाव, तोही अकरा वाजता. वर व्यायाम किती? भरतीची तयारी सोडली तेव्हाच धावणंही सुटलेलं.

इथे एक गंमत सांगतो. आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र लिव्हरवर पडतो. पेयातून ते भसकन आलं आणि कोठी आधीच भरलेली असली की लिव्हर त्याची चरबी करतं. म्हणून माझं वजन वाढलं नाही, लिव्हर मात्र चरबीने भरलं. अख्खं केळं आणि साखर घातलेला केळ्याचा शेक यात फरक आहे तो इथेच. आपल्या रावेर-यावलच्या केळ्याला उगाच बदनाम करू नका!

पुण्यातला एक आरसा

मी एकटाच असा असतो तर हा लेख लिहिला नसता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षं याच कोड्यामागे आहेत. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघेही शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. कागदावर दोघेही एकदम फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून जाड. आपल्याकडच्या कितीतरी बारीक माणसांची हीच गोष्ट आहे.

ही गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि उंचीने लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. तीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. बहुतेक जण बारीकच होते, तरीही तीनातल्या साधारण एका मुलाची साखर नॉर्मलच्या वर गेलेली. मुलींमध्ये प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. अठरा वर्षं म्हणजे बारावी पास झालेलं पोर!

ही पुण्याजवळची गावं आहेत, आपली नव्हेत, हे खरं. पण शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या शेतात गरोदरपणी राबलेल्या आयांची पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. आज आपण अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतो, सराफ बाजारात गादीवर बसतो, एमआयडीसीत रात्रपाळी करतो. शरीर कमी खाऊन जास्त राबायला घडलेलं आणि जगणं नेमकं उलटं.

भाकरीवरचे डाग आणि आपलं वय

आता म्हातारपणाकडे येऊ. साखर थोडी जास्त राहिली तर बिघडतं काय?

खापरावर मांडा टाकला की त्यावर तपकिरी डाग येतात. तव्यावरच्या भाकरीवरही येतात. पिठातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांना चिकटतात, त्याचा तो रंग आणि तो खमंग वास. तशीच प्रक्रिया आपल्या अंगातही चालू असते. फक्त तिथे तवा नसतो, ३७ अंशांची ऊब असते. म्हणून जे चुलीवर मिनिटात होतं ते शरीरात वर्षानुवर्षं हळूहळू होतं. रक्तात साखर जितकी जास्त आणि जितकी वर्षं जास्त, तितकी ती प्रथिनांना जास्त चिकटते. त्वचा, रक्तवाहिन्या, सांधे यांना लवचिक ठेवणारं कोलॅजन त्यामुळे ताठर होतं. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. म्हणून डायबिटीस असलेल्यांना मोतीबिंदू लवकर येतो, खांदा आखडतो, किडनी थकते.

एचबीएवनसी नावाची तपासणी ऐकली असेल. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, तेच ती मोजते. तुमची भाकरी किती भाजली गेली, हे सांगणारा तो आकडा.

म्हणजे म्हातारपण साठीला दार वाजवून येत नाही. ते रोज पहाटे थोडं थोडं येत असतं, आणि ते किती वेगाने येणार यात लिव्हरच्या झाकणाचाही हात असतो. पप्पा ५६ वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, खांदा वर जात नाही. आजोबा पंच्याहत्तरीतही पांझरेच्या काठाने चालत फिरायचे. दोघांच्या वयाचा हिशोब जन्मतारखेवरून लागत नाही.

हे सगळं लिव्हरवरच ढकलायचं का? नाही. स्वादुपिंड आहे, स्नायू आहेत, घराण्याकडून आलेला वारसा आहे. आणि तोंडावर ताबा नकोच असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की आपण नुसती ताटावर नजर ठेवतो आणि कोठीकडे बघतच नाही.

डिटॉक्सच्या पुड्या

हल्ली रील्सवर ‘लिव्हर डिटॉक्स’ आणि ‘वय उलटं फिरवा’ यांचं पीक आलंय. यातलं शास्त्र कुठपर्यंत आहे तेही बघा. सिंथिया केनियन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत एकच जनुक बदललं तर तो दुपटीहून जास्त जगतो. पुढे कळलं, की ते जनुक इन्सुलिनसारख्या निरोपाशीच जोडलेलं आहे. म्हणजे साखरेचा कारभार आणि आयुष्य यांचं नातं आहेच. पण कृमी म्हणजे माणूस नव्हे. मेटफॉर्मिनमुळे निरोगी माणसाचं आयुष्य वाढतं, हेही अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा पप्पांच्या डब्यातली गोळी चोरून खायची नाही. आणि हजार रुपयांच्या डिटॉक्स पावडरीही नकोत. अंगातला कचरा काढायचं काम लिव्हर स्वतःच करतं.

खरी बातमी यापेक्षा चांगली आहे. लिव्हरमधली चरबी उतरते, आणि ती लवकर उतरते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये अकरा रुग्णांना देखरेखीखाली फार कमी उष्मांकांचा आहार दिला. आठवडाभरातच लिव्हरची चरबी बरीच उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. पुढच्या मोठ्या अभ्यासात वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा टाइप टू डायबिटीस वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता. हे घरी स्वतःच्या मनाने करायचं काम नाही. चालू औषध तर डॉक्टरांना न विचारता अजिबात बंद करायचं नाही. पण यातून एक कळतं. दुखणं जितकं नवं, तितकं परतणं सोपं. म्हणजे आपल्या वयात सगळ्यात सोपं.

मी काय केलं? चहा सहाचे दोन केले, तेही अर्धा चमचा साखरेचे. बाटली बंद. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. रोज मेहरूण तलावाला चक्कर, आठवड्यातून तीनदा दंड-बैठका, कारण साखर खर्च करणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. कळण्याची भाकरी आणि भरीत सोडलं नाही. सोडणारही नाही! फक्त भरीत पार्टीत तेल बोटभर तरंगत असेल तर ते बाजूला काढतो. सात महिन्यांत पोट ८६ वर आलं, साखर ९४. वजन फक्त चार किलोने कमी झालं. ऑफिसातले म्हणतात, ‘आधीच काडी, त्यात डाएट कसला करतोस?’ त्यांनाही टेप दिली. दोघांनी मोजलं आणि गप्प बसले.

तिशीपर्यंत का थांबायचं?

आता माझं खरं भांडण. फॅटी लिव्हरचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात २०२१ मध्येच झाला, ही चांगली गोष्ट. पण सरकारी आरोग्य केंद्रात डायबिटीस, बीपीची सरसकट तपासणी सुरू होते ती तिसाव्या वर्षापासून. आपल्याकडे अठराव्या वर्षीच साखर वर सरकत असेल, तर तिशीत तपासणी म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणं.

त्यामुळे जळगाव आणि धुळ्याच्या प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षी प्रवेश घेताना उंची-वजनाबरोबर पोटाचा घेर मोजायला हवा. ज्याचा घेर जास्त किंवा ज्याच्या घरी डायबिटीस आहे, त्याची उपाशीपोटीची साखर बघायला हवी. दोन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे शिकणारी पोरं आपल्याच वयाची आहेत. वर्षातले दोन दिवस त्यांनी टेप घेऊन शेजारच्या कॉलेजात आणि अभ्यासिकांत यायचं ठरवलं तर मोठा निधी लागणार नाही. मुलींची तपासणी तर आधी हवी, आणि तिच्या तब्येतीकडे लक्ष लग्नानंतर किंवा गरोदरपणात नव्हे, आत्ताच हवं. कारण पुढच्या बाळाचं शरीर कसं घडणार, याची सुरुवात तिच्या आजच्या ताटातून होते.

कुणी म्हणेल, विशीतल्या पोरांना कशाला घाबरवता? घाबरवायचं नाहीच आहे. सगळं उलटवता येतं तेव्हा सांगणं याला घाबरवणं म्हणत नाहीत. खांदा आखडल्यावर सांगणं, हे खरं घाबरवणं.

परवा शनिवारी घरी गेलो. सकाळी मशीनवर १३६ आले. आईने सवयीने पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘आज तुमच्या लिव्हरने काय खादं?’ पप्पा हसले. खटला अजून चालू आहे, पण आरोपी बदललाय. आता जेवण झालं की दोघंही गल्लीतून वीस मिनिटं चालून येतात. हे आधी कधीच झालं नव्हतं.

तुम्ही या रविवारी एकच करा. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि बेंबीवरून मोजा. आकडा काहीही असो, आधी तुमचा मोजा. मग बाबांचा.